बर्फाचं गिरमिट आणि मंडळाचा झारा

चहा घ्या, ऐसपैस बसा. शैला, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, शेजारी गेली आहे, तोवर सांगून टाकतो. ती असली की दर वाक्याला “अहो, असं नव्हतं” म्हणते. आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा असं नसतंच. पण ही फजिती मात्र अक्षरन् अक्षर खरी. माझी स्वतःचीच आहे ना! दुसऱ्याची असती तर जरा तिखटमीठ लावलं असतं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही नॉटिंगहॅमला होतो. मी एका इस्पितळात भूल देणारा डॉक्टर, आणि माझ्याकडे एक लाल, दोन दारांची, पाळण्याएवढी गाडी. आता इंग्लंडातल्या लोकांचं असं आहे, की गाडीत चार सीटा असल्या की तीत चारच माणसं बसतात. तुम्हाआम्हाला माहीत आहे की सीट ही नुसती सूचना असते! याच गाडीतून मी लंडनजवळच्या एजवेअरहून सात माणसं, एक हार्मोनियम आणि गणपतीचं मखर आणलं होतं. जागा गाडीत नसते हो, मनात असते. “सरका जरा” म्हटलं की होते.

या एका वाक्यानं माझा घात केला. आणि दुसरा घात केला माझ्या तोंडानं. त्याला ‘नाही’ हा शब्द उच्चारताच येत नाही.

झालं काय, आमचे सर्जन होते मिस्टर टर्नबुल. इथे सर्जनला डॉक्टर म्हणायचं नाही, मिस्टर म्हणायचं. का ते त्यांनाही माहीत नसावं. सहा फूट उंच, भुवया झाडूसारख्या, आणि चेहऱ्यावरची माशी न हलवता बोलणारा माणूस. विनोद करतोय की रागावलाय, पेशंटला भूल चढेपर्यंत कळायचं नाही.

या टर्नबुलसाहेबांची मला भयंकर गरज होती. माझी नोकरी सहा-सहा महिन्यांची. दर सहा महिन्यांनी गाव बदला, घर बदला. पाच वेळा बिऱ्हाड हलवल्यावर शैलानं खोक्यांच्या चिकटपट्ट्या काढणंच सोडून दिलं होतं. पुरणयंत्र हवं असलं की ती खोक्याला खिडकी पाडून हात घालायची. अशात लेस्टरच्या एका इस्पितळात पक्की जागा निघाली. मुलाखत फेब्रुवारीत. तिच्यासाठी हवं होतं टर्नबुलसाहेबांचं शिफारसपत्र. शैलानं सांगून ठेवलं होतं, “अहो, त्या माणसापुढे जरा कमी बोला. एवढं पत्र हातात पडू दे, मग काय थापा मारायच्या त्या मारा.”

आता बायकोचं ऐकलं असतं तर तुम्हाला चहाबरोबर नुसती बिस्किटंच मिळाली असती!

एक दिवस कॉफीच्या वेळी टर्नबुल मासेमारीबद्दल बोलत होते. त्यांची बायको फिनलंडची. सासरे एइनो हिवाळ्यात महिनाभर जावयाकडे राहायला यायचे. त्या म्हाताऱ्याला एकच वेड. गोठलेल्या तळ्यावर जाऊन बसायचं, बर्फाला भोक पाडायचं आणि त्यातून गळ सोडायचा. सगळं सामान जावयाच्या गॅरेजमध्ये आणून ठेवलेलं, पण इंग्लंडातलं तळं काही मनासारखं गोठत नव्हतं.

“मासेमारी कळणारा माणूस इथे भेटत नाही, ही त्यांची तक्रार,” टर्नबुल म्हणाले.

झालं! माझ्या तोंडानं माझी परवानगी न घेता जाहीर केलं, “सर, आम्ही कोकणातले. मासेमारी आमच्या रक्तात आहे. पाळण्यातून उतरलो तो होडीतच.”

मी मिरजेचा. मिरजेत समुद्र नाही. कृष्णामाई आहे, पण तिच्यात मी पाय धुण्यापलीकडे काही केलेलं नाही. घरात सात पिढ्या शाकाहारी. मासा आम्ही पाहिलेला राशीच्या चित्रात, तोसुद्धा मीन राशीच्या आत्याबाईंमुळे.

टर्नबुलांनी एक भुवई वर केली. “असं?” म्हणाले आणि कॉफी संपवली.

मला वाटलं, मिटलं. कसलं मिटतंय! त्या जानेवारीत अशी थंडी पडली की दुधाची बाटली दारात गोठून तिचं झाकण टोपीसारखं वर उचललं जायचं. शुक्रवारी टर्नबुल मला कॉरिडॉरमध्ये गाठून म्हणाले, “डॉक्टर दातार, डर्बीशायरच्या डोंगरात माझ्या मित्राचं एक तळं आहे. वीतभर गोठलंय. रविवारी सासऱ्यांना घेऊन जातोय. तुम्ही येणार ना? तुमच्या तर रक्तातच आहे.”

“येणार म्हणजे काय, सर!”

“एक अडचण आहे. माझ्या गाडीत सासरे आणि तीन कुत्री. सामानाला जागा नाही. तुमची गाडी कशी आहे?”

“प्रशस्त,” मी म्हणालो.

शनिवारी दुपारी मी त्यांच्या घरी सामान आणायला गेलो. टर्नबुल दारात उभे. त्यांनी माझी गाडी पाहिली. मग गाडीच्या मागे पाहिलं, जणू खरी गाडी मागून येत असावी.

“मावेल?” त्यांनी विचारलं.

“सर!” मी असं म्हणालो, की त्यांनाच विचारल्याची लाज वाटावी.

मग एइनोआजोबा सामान काढायला लागले. पहिल्यांदा निघाली लाकडी घसरगाडी, बर्फावरून सामान ओढायची. लांबी आमच्या गाडीच्या टपाएवढी. मग गिरमिट. सुताराचं असतं तसंच, फक्त माझ्या खांद्यापर्यंत उंच आणि पातं परातीच्या काठासारखं. बर्फाला भोक पाडायचं ते यानं. मग एक लांब दांड्याचा झारा! अहो, आपला पुऱ्या तळायचा असतो ना, तस्साच. भोकात तरंगणारा बर्फाचा चुरा निथळून काढायला. मग तंबू, तीन घडीची स्टुलं, आणि वीतभर लांबीच्या तीन काठ्या. मी म्हटलं ही पोरांची खेळणी असतील, तर त्याच गळाच्या काठ्या. त्या मी सरळ ओव्हरकोटाच्या खिशात टाकल्या.

शेवटी आजोबांनी फ्रिजमधून व्हॅनिला आइस्क्रीमचा एक डबा आणला. मी म्हटलं, वा, पाहुणचार! झाकण उघडलं. आत पांढऱ्या अळ्या. शेकड्यांनी! गळाला लावायच्या. थंडीनं निपचित पडलेल्या. आणि आजोबांनी काय करावं? त्यातल्या दोन उचलल्या आणि खालच्या ओठात ठेवल्या, आपल्याकडे तंबाखूची चिमूट ठेवतात तशा!

“थंडीत गारठतात. तोंडात ऊब मिळाली की वळवळतात. मग मासा लवकर येतो,” टर्नबुलांनी समजावलं. “तुमच्या कोकणात काय करता?”

“आम्ही... बगलेत ठेवतो,” मी म्हणालो. रोज दहा माणसांना भूल देणारा मी, स्वतःच भूल घेऊन आडवा व्हायच्या बेतात होतो.

घरी आलो तर दारात शैला. गाडीकडे पाहून म्हणाली, “हे काय आणलंत?”

“साहेबांचं सामान. उद्या मासेमारीला जायचंय.”

“मासेमारीला? तुम्ही?” ती हसली. मग हसायची थांबली. “अहो, उद्या रविवार. उद्या डर्बीला आपल्या मराठी मंडळाची संक्रांत! कढई आपण नेणार, झारा आपण नेणार, खलबत्ता, सतरंज्या, तिळगूळ, हलवा, सगळं आपण नेणार! आपटे वहिनींच्या नातवाचं बोरन्हाण आहे. महिनाभर आधी मी विचारलं होतं, आपली गाडी नेणार ना? तर काय म्हणालात?”

काय म्हणालो असेन? तुम्हीच सांगा.

“साहेबांना नाही म्हणायला तुमच्या तोंडाला काय होतं हो?”

“शैला, पत्राचा प्रश्न आहे. आणि डर्बी वाटेवरच आहे. तुला सामानासकट हॉलवर सोडतो आणि पुढे जातो. जागेचं म्हणशील तर...”

“मनात असते,” ती म्हणाली. “माहीत आहे. आता मनातच बसवा मला.”

अळ्यांचा डबा थंड ठेवायला हवा होता. घरात न्यायचं माझं धाडस नव्हतं, म्हणून गाडीतच ठेवला. रविवारी सकाळी शैलानं तिचे पाच डबे त्याच्याच शेजारी रचले. तुमच्या घरी आइस्क्रीमच्या डब्यात आइस्क्रीम असतं का कधी? आमच्याकडेही नसतं. तिचे पाचही डबे व्हॅनिला आइस्क्रीमचेच. चारात तिळगूळ, एकात हलवा. मला वेगळे दिसत होते बरं का, मी खूणगाठ बांधली होती. डावीकडचा शेवटचा आपला.

मग बांधाबांध. घसरगाडी टपावर, शैलाच्या आईच्या जुन्या लाल नऊवारीनं बांधली. नऊ वार पुरले नाहीत म्हणून वर कपडे वाळत घालायची दोरी. गिरमिट माझ्या सीटमागून तिरपं जे निघालं ते शैलाच्या मानेजवळून खिडकीबाहेर हातभर. शैलाच्या मांडीवर कढई, कढईत खलबत्ता, पायाखाली तंबू. तिन्ही स्टुलं आमच्या दोघांच्या मधे. त्यामुळे माझा डावा हात गिअरपर्यंत पोचेना.

“आता?” शैला म्हणाली.

“आता मी क्लच दाबतो. तू गिअर टाक.”

आणि तसे गेलो आम्ही! “दुसरा!” मी ओरडायचो. खाडकन् दुसरा. “तिसरा! चढ आहे, दुसरा!” खाडकन्. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, पण इतक्या एकमतानं संसार त्या पंधरा मैलांतच झाला.

डर्बीच्या अलीकडे पोलिसानं थांबवलं. खिडकीशी वाकून त्यानं गिरमिटाच्या टोकाला बोट लावलं.

“सर, हे बाहेर आलंय ते काय?”

“गिरमिट. बर्फाला भोक पाडायचं.”

“आणि मॅडमच्या मांडीवर?”

“कढई. तळायची.”

“काय तळणार?”

“मासे,” मी म्हणालो. “पुऱ्या,” शैला म्हणाली. एकाच वेळी.

पोलिसानं टोपी मागे सारली. “दोघांनी आधी ठरवून घ्या. बाकी बाहेर आलेल्या सामानाला लाल कापड लावलंत ते उत्तम केलंत.” मी मान वळवून पाहिलं. सासूबाईंच्या नऊवारीचा पदर मागे निशाणासारखा फडकत होता. सासूबाईंचा मला झालेला तो पहिला उपयोग.

आणि आता ऐका, खरी गंमत इथून सुरू होते.

डर्बीच्या हॉलवर पोचलो. तुम्हाला माहीत आहे, आपल्या समारंभात गाडी आली की काय होतं. आत बसलेले सगळे बाहेर येतात. कोणी कोणाला काही विचारत नाही. विचारणं म्हणजे परकेपणा! मी जरा पाय मोकळे करायला, खरं तर अर्धा कप चहा घ्यायला आत गेलो. दोन मिनिटं. फक्त दोन! तेवढ्यात पंधरा माणसांनी हातोहात साखळी करून माझी गाडी धुऊन काढल्यासारखी रिकामी केली. कारण ते मदत करत होते. पुढाकार आमच्या गोडबोलेकाकांचा.

“अहो काका!” मी धावलो. “यातलं निम्मं माझं आहे!”

“तुझं ना? मग परत ठेवतो की, त्यात काय! तू चहा संपव. ए, दातारचं सामान परत भरा रे!”

आता दातारचं सामान कोणतं हे काकांनी कसं ठरवलं असेल? त्यांना वाटलं, ही नवी कोरी स्टुलं, मोठा स्टेनलेसचा झारा, तंबू, हे नक्की मंडळानं नवीन घेतलेलं दिसतंय. आणि ते गिरमिट? ते म्हणे त्यांना पाक ढवळायचं यंत्र वाटलं. आणि जे जुनंपानं, काळवंडलेलं, ते दातारचं! माझ्याबद्दलचं त्यांचं मत त्यावरून कळलं.

मी बघितलं का? नाही बघितलं. उशीर झाला होता, साहेब वाट बघत होते. टपावर घसरगाडी होती, कारण ती नऊवारीची गाठ कोणाच्या बापाला सुटली नव्हती. मागच्या सीटवर सामान दिसत होतं, माझा म्हणून कोणीतरी परत ठेवलेला एक डबा दिसत होता. निघालो. आणि गाडी किती मोकळी वाटत होती म्हणता! मी चक्क शीळ घालत होतो.

तळ्यावर पोचलो. चहूकडे पांढरे डोंगर, काठावर एक बंद घर, मधे काचेसारखं तळं. त्यावर टर्नबुल, आजोबा आणि तीन कुत्री. आजोबांचे डोळे लहान पोरासारखे चमकत होते. मी दार उघडलं आणि आत पाहिलं.

एक लोखंडी खलबत्ता. मंडळाचा झारा, दांडा वाकलेला. एक सतरंजी, कोपऱ्यावर ‘मंडळ’ असं मराठीत रंगवलेली. आणि एक आइस्क्रीमचा डबा.

डोळ्यांपुढे पत्र तरंगलं. त्यामागे शैलाची खोकी.

“गिरमिट कुठे आहे?” टर्नबुलांनी शांतपणे विचारलं.

इथे शहाणा माणूस काय म्हणेल? ‘सर, चूक झाली.’ तीन शब्द. मी काय म्हणालो?

“सर, मी विचार केला, आज आपण कोकणी पद्धतीनं करू या.”

“कोकणी पद्धत.”

“गिरमिट आमच्याकडे कमीपणाचं समजतात. आम्ही यानं फोडतो,” असं म्हणून मी बत्ता उचलला.

“कोकणात तळी गोठतात?”

“कधी कधी,” मी म्हणालो. कोकणानं मला क्षमा करावी.

टर्नबुलांच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही. पण एइनोआजोबांनी माझ्या हातातून बत्ता घेतला, वजन पाहिलं, आणि गुडघ्यावर बसून जी सुरुवात केली! ठण्, ठण्, ठण्! वीस मिनिटांत भोक पाडलं. मग मी झारा दिला. आजोबांनी बर्फाचा चुरा निथळून काढला, झारा उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाले, “गुड.” त्यांना इंग्रजी फार येत नव्हतं, पण हा शब्द त्यांनी मनापासून उच्चारला. सतरंजी अंथरली. आजोबा आणि मी मांडी घालून बसलो. टर्नबुलांना मांडी घालता येत नव्हती, ते एका पायावर बसले. मी खिशातून काठ्या काढल्या. माझ्या मनात आलं, दातार, तुला मरण नाही!

आजोबांनी डबा उघडला. हातात जाड मोजे, नजर भोकाकडे. न बघताच चिमूट उचलली आणि ओठात ठेवली.

थांबले.

मग त्यांचा चेहरा बदलायला लागला. आधी आश्चर्य. मग संशय. मग डोळे मिटले. मग तोंडातून आवाज आला, कुडुम्.

“पप्पा!” टर्नबुल जवळजवळ ओरडले. “चावताय काय?”

आजोबांनी आणखी मूठभर घेतलं. कुडुम्, कुडुम्.

मी डब्यात डोकावलो. पांढरा स्वच्छ, काटेरी, केशराची बोटं लागलेला. शैलानं चार दिवस शेगडीपुढे बसून केलेला तिळाचा हलवा!

आणि मग, मंडळी, माझ्या डोक्यात उजेड पडला. हलवा इथे. म्हणजे अळ्या तिथे. हलवा कशासाठी होता? बोरन्हाणासाठी. बोरन्हाणात काय करतात? लेकराला पाटावर बसवतात आणि हलवा डोक्यावरून ओततात!

किती वाजले? पावणेबारा. बोरन्हाण बाराला!

“सर!” मी उठलो, घसरलो, बसूनच बोललो. “फोन! मला फोन हवा! तुमच्या अळ्या डर्बीत आहेत आणि पंधरा मिनिटांत एका तान्ह्या बाळाच्या डोक्यावर ओतणार आहेत!”

“तुमच्या धर्मात—”

“नाही सर, धर्मात नाही! माझ्या गाढवपणात! मी कोकणातला नाही सर. मिरजेचा आहे. मी मासा कधी पकडलेला नाही, खाल्लेला नाही. गाडी प्रशस्त नाही. बगलेत अळ्या कोणी ठेवत नाही. पत्र नाही दिलंत तरी चालेल, पण फोन द्या!”

जन्मात मी इतकं खरं एका दमात कधी बोललो नव्हतो. दम लागला.

टर्नबुल उठले. त्या बंद घराची किल्ली त्यांच्या खिशात होती. बर्फावरून पळालो आम्ही. म्हणजे ते पळाले, मी बराचसा पोटावरून आलो. निमंत्रणपत्रिका कोटात होती, तिच्यावर हॉलचा नंबर. बोटं गारठलेली. दोनदा चुकीचा फिरवला.

शेवटी शैला फोनवर आली.

“शैला! हलव्याचा डबा उघडू नकोस!”

पलीकडून तिचा आवाज, अगदी हळू. “उघडला.”

“आणि?”

“आपटे वहिनींनी उघडला. सगळ्यांसमोर. चष्मा घरी विसरल्यात त्या. डबा डोळ्यांजवळ धरून म्हणाल्या, पांढरा आहे हो शैलाताई, पण काटा नाही आला तुमच्या हलव्याला! गुळगुळीत झालाय अगदी. असला नको माझ्या नातवाच्या डोक्यावर. मी आणलाय घरचा.”

“मग? ओतला नाही ना?”

“नाही. डबा हीटरवर ठेवून दिला त्यांनी. पाच मिनिटांपूर्वी तो हलवा बाहेर आला.”

“बाहेर आला म्हणजे?”

“म्हणजे स्वतःच्या पायांनी! आता निम्मं मंडळ खुर्च्यांवर उभं आहे, आणि आपटे वहिनी सगळ्यांना सांगतायत, पाहिलंत, मी म्हटलं नव्हतं हलवा बिघडलाय? अहो, आयुष्यात पहिल्यांदा माझा हलवा काटेरी झाला होता. पहिल्यांदा! कुठे आहे तो?”

मी खिडकीतून पाहिलं. एइनोआजोबा सतरंजीवर बसून डबा पोटाशी धरून खात होते. एकेक दाणा तीनही कुत्र्यांना देत होते.

“योग्य हातांत आहे,” मी म्हणालो आणि फोन ठेवला.

मागे टर्नबुल उभे. मी मान खाली घातली. “सर, मी खोटं बोललो. कोकणाबद्दल.”

“मला माहीत होतं,” ते म्हणाले.

“कधीपासून?”

“डॉक्टर दातार, पाच महिने मी कँटीनमध्ये तुमच्या समोर बसतोय. दर शुक्रवारी फिश अँड चिप्स. तुम्ही दर शुक्रवारी मासा हळूच शेजारच्याच्या ताटात सारता आणि नुसते चिप्स खाता. असा कोळी मी दुसरा पाहिला नाही.”

“मग हे सगळं सामान मला का दिलंत?”

“मला बघायचं होतं तुम्ही ‘नाही’ कधी म्हणता. घसरगाडीला म्हणाल असं वाटलं होतं.” आणि मग तो झाडूच्या भुवयांचा माणूस भिंतीला टेकून जो हसला, जो हसला! पाच महिन्यांत मी त्यांचे दात पहिल्यांदा पाहिले.

परतताना डर्बीहून सामान घेतलं. गिरमिटावर पाक चिकटला होता. आपटे वहिनी फिनलंडचा झारा सोडायला तयार नव्हत्या. “काय तेल निथळतं हो याच्यातून!” म्हणाल्या. आणि एइनोआजोबा जाताना मंडळाचा झारा बरोबर घेऊन गेले, परत करायचं नावच काढलं नाही. तो अजून तिकडे कुठल्याशा तळ्यावर असेल, वाकलेल्या दांड्याचा. शैला माझ्याशी चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी म्हणाली, “गिअर मात्र मी बरे टाकले.”

आणि पत्र? पत्र मिळालं! पुढे बऱ्याच वर्षांनी मला ते वाचायला मिळालं. बाकी सगळं कामाबद्दल, आणि शेवटी एक वाक्य. “डॉक्टर दातार कोणत्याही गोष्टीला नाही म्हणत नाहीत, तेव्हा त्यांना काय विचाराल ते जपून विचारा.”

नोकरी मिळाली. शैलानं खोक्यांच्या चिकटपट्ट्या काढल्या. मुलाखत सुरेखच झाली होती हो. मुलाखत घेणाऱ्या सहाही जणांना मी खरी उत्तरं दिली, एक थाप नाही! वाटेत शैलापुढे शपथच घेतली होती. शेवटी उठलो, हस्तांदोलनं झाली. अध्यक्ष म्हणून एक गोड म्हातारे गृहस्थ होते, ते दारापर्यंत पोचवायला आले. म्हणाले, “तुम्ही मराठे ना? तुमचे लोक घोड्यांसाठी प्रसिद्ध आहेत असं वाचलंय. तुम्हाला घोडे कळतात का?”

मी तोंड घट्ट मिटलं होतं, देवाशपथ. पण आतून आवाज आला, “सर, घोडा आमच्या रक्तात आहे.”

“अरे वा! मग एक काम होतं. माझ्या नातीचं शिंगरू शनिवारी नॉटिंगहॅमहून आणायचंय. तुमची गाडी कशी आहे?”

शिंगरू गुणी होतं हो. पण ते मधे बसल्यावर गिअर कोणी टाकायचा, ते शैलाला आणि मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.